बाविसाव्या भागातली ओळ

जरा डोळे मिटा. मिटलेत? आता अशी कल्पना करा, की तुमच्या शेजारी एक मालिका चालू आहे आणि तुम्हाला ती दिसत नाही. आवाज येतो, पण भाषा कळत नाही. कुणी हसतं, कुणी धावत जातं, दार आपटतं, मग हळूच पियानो वाजायला लागतो. आणि तुमच्या जवळ एक मुलगी बसली आहे. कोण काय बोललं ते ती तुम्हाला सांगते. ती म्हणेल तो चांगला, ती म्हणेल तो वाईट. ती म्हणाली, आता ही रडते आहे, की तुमच्यापुरती ती रडते आहे.

उघडा डोळे. त्या मुलीवर केवढी मोठी जबाबदारी होती, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती दहा वर्षांची होती.

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत. ‘हिचं बंद करायचं बटण कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही,’ असं तिचे बाबा म्हणायचे. शाळेतल्या बाईंनी मात्र तिला सांगितलं होतं, रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाच. वाचायचं काय, ते बाईंनी सांगितलं नव्हतं. रेडिओने चिनी मालिका निवडल्या. त्यात माणसं चिनी बोलतात आणि खाली इंग्रजीत ओळी येतात. ओळ इंग्रजीत वाचायची आणि लगेच आपल्या भाषेत सांगायची. ऐकायला आत्या होतीच.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती यांच्याच घरी राहायची आणि पुढच्या खोलीत खिडकीशी बसून रफू करायची. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधी समजून घ्या. ठिगळ दिसतं. रफू दिसता कामा नये. कोटावर ठिणगी उडून भोक पडलं, शालीला कसर लागली, पँट खिळ्याला अडकली, की आत्या त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार-सहा धागे उपसून घ्यायची. भोकाखाली एक फ्यूज गेलेला बल्ब धरायची आणि बारीक सुईने एक धागा वर, एक खाली, असं विणत ते भोक बुजवायची. झालं की डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवायची. बोटाला जागा सापडली, तर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. एका भोकाला कधी तास, कधी दोन तास. तेवढा वेळ मान खाली आणि नजर कापडावर. आत्याला सावकाश का होईना इंग्रजी वाचता यायचं, पण डोळ्यांना फुरसत नाही, कान मात्र रिकामे.

म्हणून दुपारी साडेतीन वाजता, शाळा सुटल्यावर, रेडिओ खिडकीखाली भिंतीला टेकून बसायची, गुडघ्यांवर फोन उभा करायची आणि वाचायला लागायची.

तिने बऱ्याच मालिका वाचल्या. पण ही गोष्ट एकाच मालिकेची आहे. तिच्यात एक तरुण होता, तो लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा मालक. आणि एक मुलगी होती, ती त्याच कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. त्यांची नावं रेडिओच्या जिभेवर टिकेनात, म्हणून ती त्यांना लिफ्टवाला आणि तक्रारवाली म्हणायची.

“लिफ्टच्या कंपनीचा मालक, आणि याच्याच इमारतीतली लिफ्ट दर तीन भागांनी बंद पडते?” आत्या म्हणायची.

“दोघं आत असतात तेव्हाच पडते.”

“मग बरोबर आहे. तक्रारीला उत्तर कोण लिहिणार, तीच आत.”

आता तुम्ही विचाराल, असं काय होतं त्या मालिकेत. सांगायला गेलं तर काहीच नव्हतं. कुणी मेलं नाही, कुणाचं घर जळलं नाही. सगळ्या खोल्या स्वच्छ, सगळ्या खिडक्यांत कुंड्या. पण एक गोष्ट होती. त्यात माणसं एकमेकांकडे लक्ष द्यायची. तिसऱ्या भागात तक्रारवाली सहज बोलून गेली, की मला कांदा आवडत नाही. अकराव्या भागात लिफ्टवाला तिच्या ताटातला कांदा एकेक करून वेचत बसला, आणि बाहेर त्याची मीटिंग खोळंबली.

आत्याची सुई थांबली. “आठ भाग लक्षात ठेवलं त्याने?”

“हो.”

“जा, तुझ्या बाबांना विचार, आत्याला काय आवडत नाही.”

आतून बाबांचा आवाज आला, “तिला काहीच आवडत नाही, हे मला पाठ आहे.”

त्या मालिकेत गैरसमज व्हायचे, पण दोन भागांच्या पलीकडे टिकायचे नाहीत. कुणीतरी धावत यायचं आणि खरं ते सांगून टाकायचं. लिफ्टवाल्याची आई सुरुवातीला फार कडक होती, सोळाव्या भागापर्यंत तीसुद्धा विरघळली. चालताना त्याची छत्री नेहमी तिच्या बाजूला कललेली असायची आणि त्याचा खांदा भिजायचा. रेडिओ हे सगळं सांगायची, आणि आत्या म्हणायची, “असं असतं का कुठे?” आणि लगेच म्हणायची, “बरं, पुढे?”

रेडिओच्या वाचनात एक खोट होती. प्रेमाची ओळ आली की तिचे कान तापायचे. तोंडातून शब्द फुटायचे नाहीत. मग ती त्या ओळीच्या जागी स्वतःची ओळ घालायची. लिफ्टवाला तक्रारवालीचे हात हातात घेऊन पुरतं मिनिटभर बोलला, तेव्हा रेडिओने सांगितलं, “तो म्हणाला, तू चांगली आहेस.”

“एवढंच? इतका वेळ बोलत होता तो.”

“चिनीत लांब असतं.”

आत्या हसायची आणि सोडून द्यायची. तिला वाटायचं, पोर आहे, लाजते. पोर होतीच, आणि लाजतच होती. त्यात कुणाचं काही बिघडतही नव्हतं.

ही मालिका त्या दोघी रोज लावत नसत. फक्त गुरुवारी, एकच भाग. तसं ठरलं नव्हतं. पहिला भाग एका गुरुवारी झाला, दुसऱ्या दिवशी रेडिओने दुसरा लावला, तर आत्या म्हणाली, “ही राहू दे. ही गुरुवारी.” रेडिओने कारण विचारलं नाही, कारण ते तिला दिसलं होतं. गुरुवारी इस्त्रीकाका यायचे.

इस्त्रीकाका लाँड्रीत काम करायचे. लाँड्रीत आलेल्या कपड्यांत जे फाटके निघत, ते बाजूला काढून, प्रत्येकाला चिठ्ठी टाचून, गाठोडं बांधून ते आत्याकडे आणायचे आणि आधीच्या आठवड्याचं घेऊन जायचे. लाँड्रीची गाडी होती, गाडीला ड्रायव्हर होता, पण तीन जिने चढून गाठोडं आणायचे काकाच. चार वर्षं. आधी ते दारातच उभे राहायचे. मग दाराजवळच्या स्टुलावर बसायला लागले. आणि मालिका सुरू झाली तेव्हापासून बरोबर साडेतीनला त्यांचं दारावरचं टकटक ऐकू यायचं.

ते चाळिशीतले असतील, एकटेच राहायचे, बोलायचे कमी. फोन रेडिओच्या गुडघ्यांवर, काका समोर स्टुलावर, त्यामुळे त्यांनाही मालिका दिसायची नाही, ऐकूच यायची. कधी काही विशेष असलं की रेडिओ फोन त्यांच्याकडे वळवून दाखवायची. लिफ्टवाला पाहून काका एकदा म्हणाले, “हा तोच शर्ट ना? मागे याच्यावर कॉफी सांडली होती.”

“हो. तिचाच धक्का लागला होता.”

“डाग नाही राहिला.” काका विचारात पडले. “पांढऱ्यावर कॉफी. त्याच दिवशी धुतला असेल तरी खूण राहते. आमच्याकडे आणला असता तर मी आधीच सांगितलं असतं, खात्री देत नाही म्हणून.”

“तिच्या कोटाची बाही दारात अडकून फाटली होती,” आत्या खालमानेने म्हणाली. “ती कुणी रफू केली, ते कधी सांगत नाहीत.”

“दिसत नाही म्हणजे चांगली केली असणार,” काका म्हणाले.

आत्याने मान वर केली नाही, पण तिच्या गालाला खळी पडली. ती रेडिओला खालून दिसली.

आईने तर सरळच म्हटलं होतं. तिची चेष्टा करायची पद्धत अशी, की हातातलं काम चालू ठेवून, दुसरीकडे बघत बोलायचं. “वन्सं, आज चहात साखर किती हे दोनदा विचारलंत. चार वर्षं एकच चमचा घेतात ते.”

“विसरले असेन, वहिनी.”

“हो, विसराळूच तुम्ही. कालचं भोक कुठल्या कोटाला होतं ते विचारा, पाच वर्षांपूर्वीचंही सांगाल.”

म्हणजे घरात कुणाचाही विरोध नव्हता, हे लक्षात आलं ना? मालिकेत कडक आई असते, जुनं वैर असतं, काहीतरी अडतं, आणि ज्याला अडतं तो झगडतो. इथे झगडायला समोर कुणी नव्हतंच. फक्त कुणीतरी एक वाक्य बोलायचं होतं. आत्याचं लग्न पूर्वी एकदा ठरत आलं होतं. त्या लोकांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलंच नाही. तेव्हापासून आत्या कुणाला काही विचारायची नाही आणि कुणाच्या उत्तराची वाट बघायची नाही. आणि काका तर आधी तिला ‘बाई’ म्हणून हाक मारायचे, अलीकडे तेही बंद केलं होतं. काहीच हाक न मारता बोलायचे. रेडिओने ते हेरलं होतं. मालिकेत असं झालं, की दोन भागांत काहीतरी होतं.

बाविसाव्या भागाचा गुरुवार आला.

काका वेळेवर आले, पण स्टुलावर बसल्यावरही त्यांनी गाठोडं खाली ठेवलं नाही. ते मांडीवरच धरून बसले. मालिकेत त्या दिवशी विमानतळ होता. लिफ्टवाला कायमचा परदेशी निघाला होता, कारण त्याला वाटत होतं, तक्रारवालीला दुसराच कुणी आवडतो. रेडिओ भराभर वाचत होती.

“मालक दुसऱ्या गावात लाँड्री काढतायत,” काका मध्येच म्हणाले. “मोठी. मशीनं येऊन पडलीत. सगळं बघायला माणूस हवाय.”

रेडिओने चित्र थांबवलं.

“चांगलं आहे की,” आत्या म्हणाली.

“मला विचारलंय, जातोस का म्हणून.”

“लांब आहे?”

“एक रात्र आणि अर्धा दिवस.”

सुई वर आली, खाली गेली.

“राहायचं काय?”

“जागा देतायत. दोन खोल्या.” काकांनी गाठोड्याची गाठ चाचपली. “एकट्याला जास्तच होतील.”

आत्याने भोकाखालचा बल्ब सरकवून नीट धरला.

“शनिवारपर्यंत सांगायचंय. मी म्हटलं, इथे कुणाला विचारायचं असेल तर विचारून घेतो, मग सांगतो.”

“मग? विचारलंत?”

“विचारतोच आहे,” काका म्हणाले.

खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं. तो खरखर आवाज बराच वेळ चालला. रेडिओ एकवीस भाग बघितलेली मुलगी, तिला सगळं कळलं. तिने आत्याकडे बघितलं. आत्याच्या हातात राखाडी कोट होता, कॉलरजवळ मोहरीएवढं भोक, आणि सुई त्या भोकाच्या काठावर येऊन उभी राहिली होती. आत्याचे ओठ जरासे हलले. आणि मग ती म्हणाली, “थांबलीस का गं? वाच की पुढे.”

रेडिओने चित्र चालू केलं. तक्रारवाली विमानतळावर धावत आली. एक चप्पल तुटलेली, केस सुटलेले. लिफ्टवाला वळला. पियानो थांबला. आणि खाली ओळ आली. इंग्रजीत होती, सोपी होती, दुसरीतल्या मुलालाही वाचता आली असती. ‘जाऊ नकोस. मला तू इथे हवा आहेस.’

ती ओळ वाचायला किती वेळ लागला असता? तुम्ही मनात म्हणून बघा. दोन श्वासांचंही काम नाही. पण आत्या आणि काका दोघंही इतकी गप्प बसली होती, की त्या खोलीत ते वाक्य उच्चारणं म्हणजे आपणच त्यांच्या मध्ये जाऊन उभं राहण्यासारखं होतं. रेडिओचे कान तापले, मान तापली. तिने नेहमीसारखी स्वतःची ओळ घातली. आई तिला सहलीला पाठवताना म्हणायची, तीच तोंडात आली.

“जा,” रेडिओने वाचलं. “माझी काळजी करू नकोस. नीट पोच.”

कपाट सरकवणं थांबलं होतं.

“शहाणी आहे मुलगी,” काका म्हणाले.

“हो,” आत्या म्हणाली. “अडवू नये कुणाला.”

“नाही. अडवू नये.”

काका उठले. मांडीवरचं गाठोडं त्यांनी टेबलावर ठेवलं, तयार कपड्यांचं घेतलं. चहा झाला नव्हता. कुणी आठवणही केली नाही.

त्या रात्री रेडिओला झोप लागली का? चांगली लागली. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तिला चुटपुट होती, पण काळजी नव्हती. तिला मालिकांचा नियम माहीत होता. बाविसाव्या भागात ताटातूट व्हायलाच हवी. ती झाली नाही तर चोविसाव्यात परत कोण येणार? दोन भाग थांबायचं, एवढंच. तिने वहीच्या शेवटच्या पानावर दोन गुरुवार लिहून ठेवले.

पुढच्या गुरुवारी काका आले ते लाँड्रीच्या ड्रायव्हरला घेऊन. ड्रायव्हर पोटाने भरदार होता, तीन जिन्यांनी त्याला घाम फुटला होता.

“आता हे आणतील गाठोडं,” काका म्हणाले. “यांना सांगून ठेवलंय, चिठ्ठ्या सुटू द्यायच्या नाहीत, आणि लोकरीचं वेगळं बांधायचं.”

“कधी निघताय?” आत्याने विचारलं.

“आजच. सामान गाडीतच आहे.”

“बसा ना. भाग लावायचाय.”

“गाडी उभी आहे खाली.” काका स्टुलाकडे बघून म्हणाले, “माझे दोनच राहिले.”

“तिकडे गेल्यावर बघा.”

“मला कुठे वाचता येतंय इतक्या भराभर.”

ड्रायव्हरला हे कशाबद्दल चाललंय ते कळलं नाही. तो म्हणाला, “चला, उशीर होतोय,” आणि गाठोडं घेऊन उतरायला लागला. काका त्याच्यामागे गेले. दारात वळले. रेडिओने श्वास धरला, कारण लिफ्टवालाही असाच वळला होता.

“येतो,” काका म्हणाले.

“नीट जा,” आत्या म्हणाली.

आणि ते खाली उतरायला लागले. रेडिओ आत्याकडे बघत राहिली. आता ती उठेल. आता सुई टोचून ठेवेल, चप्पल शोधेल, एकच सापडेल, आणि तशीच धावेल. मालिकेत धावतात. आत्या उठली खरी. ती खिडकीशी गेली, दातांत धागा धरून खाली बघत उभी राहिली. पावलं पहिल्या मजल्यावर पोचल्याचं ऐकू आलं.

मग रेडिओच धावली. एकेका उडीत तीन पायऱ्या. खाली ड्रायव्हर गाडीत बसला होता आणि काका मागचं दार लावत होते. आत कपड्यांच्या रांगा टांगलेल्या, आणि त्यांच्या खाली एक पेटी, एक वळकटी, एक टेबलफॅन.

“काका, ती ओळ चुकीची होती.”

“कुठली गं?”

“बाविसाव्या भागातली. ती ‘जा’ नाही म्हणाली. ती ‘जाऊ नकोस’ म्हणाली. मला तू इथे हवा आहेस, असं म्हणाली. मी बदललं.”

काकांचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला. त्यांनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर खिडकीत आत्या होती. इतक्या खालून तिचा चेहरा कसा आहे ते दिसत नव्हतं, कुणीतरी उभं आहे एवढंच दिसत होतं. तिने हात हलवला नाही, कारण एका हातात कोट होता आणि दुसऱ्यात सुई.

“असं होय,” काका म्हणाले. मग ते खाली बसून रेडिओच्या डोळ्यांसमोर आले. “हे बघ. मी काय मालिकेतल्या ओळीवरून ठरवीन का? मोठा माणूस आहे मी. मालकांना शब्द दिलाय, खोली सोडलीय, तिथे नवी येऊन राहिलीयत माणसं. तुझ्या ओळीने काही झालेलं नाही. कळलं?”

“मग आता जाऊ नका.”

काका हसले. ते हसणं असं होतं, की रेडिओला वाटलं, आपण पुन्हा काहीतरी चुकीचं वाचलं.

“अभ्यास कर,” ते म्हणाले, आणि गाडीत बसले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे एक सायकल आडवी आली म्हणून थांबली, आणि मग वळली. रेडिओ गाडी वळल्यावरही तिथेच उभी राहिली. मालिकेत गाडी वळल्यावर मागे येते.

वर आल्यावर आत्याने विचारलं, “काय म्हणाले?”

“अभ्यास कर म्हणाले.”

तेविसावा भाग त्या दिवशी लावलाच नाही.

तिसरा गुरुवार आला. हा चोविसाव्या भागाचा. साडेतीनला टकटक झाली. रेडिओने धावत जाऊन दार उघडलं. ड्रायव्हर होता. त्याने गाठोडं आत ढकललं, लोकरीचं आणि सुती एकत्रच बांधलेलं होतं, तयार कपडे उचलले आणि तो गेला. दारातून आतसुद्धा आला नाही.

रेडिओ दार लावून भिंतीशी येऊन बसली. वहीत लिहिलेले दोन्ही गुरुवार संपले होते. आत्याने गाठोडं सोडलं, लोकरीचे कपडे वेगळे केले, पडलेल्या चिठ्ठ्या जुळवून पुन्हा टाचल्या.

“आत्या, बाविसाव्या भागात ती ‘जा’ म्हणालीच नव्हती.”

आत्या टाचणी लावत होती. ती लावून झाल्यावर म्हणाली, “मग काय म्हणाली होती?”

“जाऊ नकोस. मला तू इथे हवा आहेस.”

आत्याने खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसली. मग म्हणाली, “वाटलंच होतं मला. इतकी धावत आलेली मुलगी ‘नीट पोच’ कशाला म्हणेल?”

“मग तेव्हाच विचारलं का नाहीस मला?”

“ते बसले होते ना समोर.”

“माझ्यामुळे गेले ना ते?”

अशा वेळी मोठी माणसं चटकन ‘नाही’ म्हणतात. काकाही तसंच म्हणाले होते. आत्याने मात्र खरंच विचार केला. तिच्या हातात एक हिरवी शाल होती, ती तिने दोनदा उलटीपालटी केली.

“माहीत नाही गं,” ती म्हणाली. “तू खरं वाचलं असतंस तरी मी गप्पच बसले असते, असं मला वाटतं. पण नक्की कोण सांगणार.”

“फोन कर ना त्यांना.”

“आणि काय म्हणू?”

“जाऊ नका म्हण.”

“गेलेत ते.”

“मग परत या म्हण.”

“तिथे मशीनं लागलीत, माणसं ठेवलीत त्यांच्या हाताखाली. आणि मी कोण त्यांना परत बोलावणारी?”

रेडिओने चोवीस भागांच्या कितीतरी मालिका पाहिल्या होत्या. त्यात कुणी कुणाला असा प्रश्न विचारलेला तिला आठवत नव्हता. तिथे माणसं धावतात आणि पोचतात. मी कोण, असं कुणी वाटेत थांबून विचारत नाही.

“चला,” आत्या म्हणाली, “तेविसावा राहिलाय आणि शेवटचाही. उजेड आहे तोवर दोन्ही होतील.”

“नको.”

“का नको? आपण काय त्या लिफ्टवाल्याशी भांडलोय?” आत्याने शालीच्या काठातून एक हिरवा धागा उपसला, उजेडाकडे धरला. “लाव.”

रेडिओने लावला. तेविसाव्या भागात विशेष काही नव्हतं. ‘जाऊ नकोस’ ऐकूनही लिफ्टवाला गेलेलाच होता. तक्रारवाली एकटीच ऑफिसात जाते, लिफ्ट आता बिनबोभाट चालते, आणि ती त्यातून एकटीच वर जाते, एकटीच खाली येते. रेडिओ प्रत्येक ओळ जशीच्या तशी सांगत होती. लाजायच्या ओळी आल्या तेव्हा कान तापले, पण ती थांबली नाही. मग चोविसावा सुरू झाला. तक्रारवालीच्या घराच्या दारावरची घंटा वाजली. तिने दार उघडलं. बाहेर लिफ्टवाला उभा होता, हातात बॅग, खांद्यावर बर्फ.

रेडिओच्या मनात आलं, इथे म्हणावं, की दारात पोस्टमन होता. किंवा म्हणावं, की फोनची बॅटरी संपली. आत्याला काही दिसत नव्हतं. आत्या खाली मान घालून धागा ओवत होती आणि वाट बघत होती.

“तो आलाय,” रेडिओ म्हणाली. “तो म्हणतोय, मी अर्ध्या वाटेतूनच परत फिरलो. तुझ्याशिवाय मला कुठेच जायचं नव्हतं.”

सुईच्या नेढ्यातून धागा दोनदा हुकला. मग आत्याने विचारलं, “असंच लिहिलंय?”

सहा महिन्यांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. रेडिओ म्हणेल ते लिहिलेलं असायचं. रेडिओला ते कळलं, आणि तिचे डोळे भरून आले, पण डोळे पुसत बसली असती तर ओळ निघून गेली असती. तिने अंगठा दाबून चित्र थांबवलं, उठली, आत्याच्या मांडीवरची शाल अलगद बाजूला सारली आणि फोन आत्याच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.